मामांच्या नाटकांच्या कॅसेटी आणि पाटी नसलेलं दुकान

आधी निकाल सांगून टाकते: काम उत्तम, दर चढे, वेळ भरपूर लागतो आणि जिना वाईट आहे. घरात नाटकांच्या, गाण्यांच्या, रेडिओवरून उतरवलेल्या जुन्या कॅसेटी पडून असतील तर डोळे मिटून डिजिटल करायला यांच्याकडे द्या. लग्नामुंजीची व्हिडिओ कॅसेट असेल तर तिसरा मजला चढू नका, ते काम हे घेत नाहीत.

दुकानाचं नाव देत नाही, कारण दुकानाला नावच नाही. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीत हे गृहस्थ राहत्या घराच्या पुढच्या खोलीत बसून काम करतात. पाटी नाही. "लिहायचं ते लिहा काकू, पण माझं नाव आणि नंबर नको. आहे तेच काम उरकत नाही," असं त्यांनीच मला बजावलं. पेठेत गाण्याबजावण्याशी संबंध असलेल्या कुणालाही विचारा, बरोबर त्यांच्या दारात आणून सोडतील.

आता मी काय घेऊन गेले होते ते सांगते, म्हणजे कामाचा अंदाज येईल. माझे मामा सांगलीत लाउडस्पीकरवाले. गणपती, लग्नं, निवडणुकीच्या सभा, आणि पावसाळा सरला की नाटकं. सांगली, मिरज, जयसिंगपूर, इचलकरंजी, कधी कोल्हापूर. कंत्राटदाराने प्रयोग लावला की मामांचे अहुजाचे अँप्लिफायर, फूटलाइटच्या ओळीत उभे करायचे माइक आणि वायरींची भेंडोळी टेंपोत चढायची. सुट्टीत मीही चढायची. मामांचा एक नाद होता. कंपनीच्या मॅनेजरला विचारायचं, आणि तो हो म्हणाला तर अँप्लिफायरमधून एक वायर काढून कॅसेट रेकॉर्डरला जोडायची. नाही म्हणाला तर वायर गुंडाळून ठेवायची, वाद घालायचा नाही. या नादातून दोन पत्र्याच्या पेट्या भरल्या. मामा गेल्यावर त्या मामेभावाच्या माळ्यावर होत्या, तिथून माझ्याकडे आल्या.

कॅसेटींवर मामांच्या हातच्या चिठ्ठ्या. "सौभद्र, छो. गं., मिरज, माइक २ खराब." "कट्यार, पूर्ण, पट्टी तुटली, जपून." "मत्स्यगंधा (अर्धं), पाऊस." गावाचं नाव आहे, माइकची तक्रार आहे, पण तारीख एकीवरही नाही. मामांच्या दृष्टीने ती हिशेबाच्या वहीत होती, आणि वही वाळवीने खाल्ली.

यांच्याकडे जाण्याआधी मी एका ऑनलाइन कंपनीला नमुना म्हणून थोड्या कॅसेटी पाठवल्या होत्या. "आपल्या आठवणी डिजिटल करा" वगैरे जाहिरात. कुरिअरवाला घरी येऊन घेऊन गेला, पैसे कमी, फाइली झटपट मेलवर. ऐकल्या आणि डोकं धरून बसले. खरखर काढायच्या नादात कंपनीने सगळंच खरवडून काढलं होतं. गायकाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा, तबल्याची चाट गायब, आणि टाळ्या म्हणजे तापल्या तव्यावर थेंब पडावेत तशा चुरचुरणाऱ्या. वर कहर म्हणजे पदं संपल्याबरोबर कापलेली. वन्समोअरचा सगळा गलका, त्यानंतर ऑर्गनवाल्याने पुन्हा धरलेला सूर, दुसऱ्यांदा म्हटलेलं पद, सगळं "रिपीट" म्हणून उडवलेलं. संगीत नाटकातला वन्समोअर जो कापतो त्याच्या हाती कॅसेट देऊ नये, एवढंच म्हणते.

या गृहस्थांचा पहिला प्रश्नच वेगळा होता. "काकू, खोकले काढायचे का?" मी म्हटलं, नकोत. "टाळ्या?" नकोत हो. "बरं झालं. मी काढत नाहीच, पण विचारावं लागतं." मग त्यांनी सांगितलं की ते फक्त दोनच गोष्टींना हात लावतात: विजेची गुणगुण आणि पट्टीचा चुकलेला वेग. बाकी जसं आहे तसं.

त्या वेगाची गंमत मला आधी माहीत नव्हती. मामांचा रेकॉर्डर कधी कधी सेलवर चालायचा. प्रयोग चार-चार तासांचे, सेल उतरत आले की रेकॉर्डर हळू फिरायचा, आणि हळू भरलेली पट्टी आज नीट वेगाने वाजवली की माणसं चिरक्या आवाजात घाईघाईने बोलतात. 'सौभद्र'च्या शेवटच्या कॅसेटमध्ये बलरामदादा शाळकरी पोरासारखे वाटत होते. यांनी काय केलं, तर मामांच्या अँप्लिफायरमधून शिरलेली विजेची गुणगुण मोजली. आपल्याकडे ती सेकंदाला ५० आवर्तनांची. कॅसेटच्या शेवटाला ती ५० च्या वर सरकली होती. तेवढा वेग कमी केला. मग खात्री म्हणून पायपेटीचा सूर पहिल्या अंकात आणि शेवटच्या अंकात सारखा लागतो का ते ऐकलं. लागला. नंतर ती गुणगुण काढून टाकली. हे ते सांगत असताना मला मामांची फार आठवण आली. जन्मभर ज्या गुणगुणीला त्यांनी शिव्या घातल्या तीच शेवटी उपयोगी पडली.

दुसरा प्रसंग 'कट्यार'च्या कॅसेटचा. "पट्टी तुटली, जपून" वाली. यांनी टेबलावर पांढरं कापड अंथरलं, कॅसेटच्या कोपऱ्यांचे आणि मधला असे बारके स्क्रू काढून एका बशीत ठेवले आणि वरचं झाकण उचललं. आत पट्टीला हेडवर दाबून धरणारी फेल्टची चकती असते, तिचा गोंद वाळून ती केव्हाच गळून पडली होती. पट्टीचं तुटलेलं टोक आतल्या चाकाला गुंडाळून गेलेलं. ते त्यांनी चिमट्याने ओढून काढलं, दोन्ही टोकं तिरकी कापली, मागच्या बाजूने बारीक चिकटपट्टी लावून नखाने घासली आणि दोन्ही रिळं उचलून नव्या कोऱ्या कवचात बसवली. ९० मिनिटांच्या कॅसेटची पट्टी ६० वालीपेक्षा पातळ असते, तिला ताण सोसत नाही. मामांनी पैसे वाचवायला सगळीकडे नव्वदच्याच वापरल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक कॅसेट वाजवण्याआधी त्यांनी एकदा हलकेच पुढेमागे फिरवून घेतली.

मग ती डेकमध्ये घातली. आवाज आला, पण घोंगडं पांघरलेला. "थांबा," म्हणाले, आणि डेकच्या हेडशेजारच्या एका स्क्रूला त्यांनी पेचकस लावला. मामांच्या रेकॉर्डरचं हेड किंचित तिरकं बसलेलं होतं, म्हणून भरलेला आवाजही तिरका. वाजवणारं हेड तितकंच तिरकं केलं की तो पुन्हा सापडतो. पेचकस केसभर फिरला आणि वसंतराव देशपांडे उघडले. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. तानेतला प्रत्येक दाणा सुटा, तंबोऱ्याची जवारी, आणि मागे कुणीतरी पहिल्या रांगेत "क्या बात है" म्हणून जाणारा.

'कट्यार काळजात घुसली' डिसेंबर १९६७ मध्ये रंगभूमीवर आलं. दारव्हेकरांचं लेखन, अभिषेकींचं संगीत, पणशीकरांची 'नाट्यसंपदा' ही संस्था. वसंतराव त्याआधी पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी करून गात आलेले. 'घेई छंद मकरंद' हे एकच पद त्या नाटकात दोन वेगळ्या चालींत येतं, एक पंडितजींचं आणि एक खाँसाहेबांचं, म्हणजे वसंतरावांचं. आजकाल मैफलीत पोरं फक्त दुसरं म्हणतात आणि टाळ्या घेतात. पण भार्गवराम आचरेकरांचे शांत, घरंदाज पंडितजी आधी ऐकले नाहीत तर खाँसाहेबांची चाल अंगावर का येते ते कळायचंच नाही. मामांच्या कॅसेटमध्ये दोन्ही आहेत, मध्ये अख्खा संवाद आहे, आणि म्हणून ती माझ्या लेखी विकत मिळणाऱ्या सीडीपेक्षा मोलाची आहे, खरखरीसकट.

इथे सेवेतला असा एक भाग सांगते जो कुठल्याच कंपनीत मिळणार नाही. हे गृहस्थ चाळिशीतले. आवाजातलं त्यांना सगळं कळतं, पण कोणाचा आवाज ते कळत नाही. पहिली यादी त्यांनी पाठवली तेव्हा फाइलींची नावं होती "अज्ञात पुरुष १", "अज्ञात पुरुष २", "अज्ञात स्त्री, रडते". मी फोन करून विचारलं, हे काय हो? म्हणाले, "काकू, तुम्ही येऊन बसा आणि ओळखा. मी चहा देतो." म्हणून मी जाऊन बसायला लागले. त्यांच्या आईही बाहेर येऊन बसत. त्या मूळच्या गिरगावच्या, साहित्य संघात नाटकं पाहिलेल्या. आम्हा दोघींची ओळखपरेड आणि मधूनमधून भांडण.

"अज्ञात पुरुष १" म्हणजे छोटा गंधर्व. नाव न सांगता कुणी हा आवाज ओळखला नाही तर मला खरंच नवल वाटतं, पण आता वाटून घेणं सोडलं पाहिजे. सौदागर नागनाथ गोरे हे त्यांचं मूळ नाव. 'बालमोहन' नाटक मंडळीमधून लहानपणीच रंगभूमीवर आले. कृष्णाचा मुकुट घातलेले ते मला विंगेतून पाठमोरे दिसायचे, कारण मामांचा अँप्लिफायर डाव्या विंगेत आणि मी त्याच्या रिकाम्या खोक्यावर. त्यामुळे माझ्या आठवणीत चेहरे कमी आणि मानेचे मागचे भाग जास्त आहेत. पण कॅसेटला चेहऱ्याची गरज नाही. 'प्रिये पहा' पहिल्यांदा म्हणून होतं, लोक ओरडतात, ऑर्गन परत सूर धरतो, आणि दुसऱ्या खेपेला ते तेच पद म्हणत नाहीत. शब्द तेच, वाट वेगळी. एका जागी रेंगाळतात, तबलजी गप्प राहून वाट पाहतो, आणि मग असा काही गोड वळसा घेऊन समेवर येतात की मिरजेचं सगळं थिएटर एकदम "हाऽऽ" करतं. मिरज म्हणजे तंतुवाद्यांचं गाव, अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव. तिथला "हा" फुकट मिळत नाही.

याच कॅसेटमध्ये "माइक २ खराब" चा अर्थ कळला. माइक खराब नव्हता, तो प्रॉम्प्टरच्या विंगेजवळ होता. त्यामुळे प्रत्येक वाक्य आधी कुजबुजत येतं आणि मग खणखणीत. एका दासीच्या प्रवेशात तर बाई प्रॉम्प्टरच्या आधी बोलून मोकळ्या होतात आणि प्रॉम्प्टर मागून धावतो. आम्ही तिघं पोट धरून हसलो. ऑनलाइन कंपनीने ही कुजबुज "नॉइज" म्हणून काढली असती.

"अज्ञात स्त्री, रडते" म्हणजे जयमालाबाई शिलेदार, 'एकच प्याला'मधली सिंधू. नाटककार गडकरी गेले जानेवारी १९१९ मध्ये आणि महिन्याभराने, २० फेब्रुवारीला, या नाटकाचा पहिला प्रयोग बडोद्याला झाला, बालगंधर्वांच्या सिंधूने. शिलेदारांच्या कंपनीने पुढे अशी जुनी नाटकं गावोगाव नेली तेव्हा संगीत नाटकाला पुण्यामुंबईत म्हातारं म्हणायला लागले होते. आमच्या भागात तसं कुणी म्हणत नव्हतं. 'चंद्र चवथिचा' सुरू होतं तेव्हा कॅसेटवर बायकांच्या बाजूने नाक ओढल्याचे आवाज येतात, आधी एक, मग चार, मग मोजता येत नाहीत. जयमालाबाई आवाज जराही चढवत नाहीत. उपाशी बाई पाळण्यापाशी जेवढं गाईल तेवढंच गातात. तयारी त्यांच्याकडे किती होती ते 'स्वयंवर'च्या पदांत ऐका. इथे ती सगळी झाकून ठेवलीय. गळ्यात आहे म्हणून सगळं दाखवायचं नाही, हे मोठ्या नटीचं लक्षण. हल्लीच्या नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांत याच पदावर ताना ऐकल्या आहेत. असो.

पेठेतल्या काकूंनी, म्हणजे या गृहस्थांच्या आईंनी, इथे एक चांगली गोष्ट लक्षात आणून दिली. बालगंधर्व आपण ऐकतो ते तबकड्यांवर, एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपास. तेवढ्यात पद संपवायचं म्हणून सगळी लगबग. माझ्या आजीने पाहिलेले बालगंधर्व एका पदावर वन्समोअर घेत तासभर रमत, साथीला थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी, आणि खालचं थिएटर. तिच्या बालगंधर्वांत आणि आपल्या तबकडीतल्या बालगंधर्वांत जे अंतर आहे ते भरून काढणारी कॅसेट कुणाकडेच नाही, त्यांचा रंगभूमीवरचा बहर कॅसेटच्या फार आधी ओसरला. म्हणून पुढच्या पिढीचं जे आहे ते तरी प्रेक्षकांसकट सांभाळा, असं त्या म्हणाल्या. माझंही तेच मत होतं, फक्त मला इतकं नीट सांगता आलं नसतं.

मामांच्या संग्रहातला एक पक्षपातही याच बैठकांत उघडा पडला. कॅसेटची बाजू ४५ मिनिटांनी संपते. मामा गाण्याचे भक्त, त्यामुळे पद आलं की कॅसेट पलटायची नाही, गद्य आलं की पलटायची. परिणाम असा की संगीत नाटकातली पदं सगळी शाबूत आणि गद्याची लक्तरं. गद्य नाटकांत तर कुठेही पलटली आहे. 'तो मी नव्हेच'मध्ये ऐन साक्षीत पणशीकर तोंड उघडतात आणि खट्, पुढे एकदम पुढची साक्ष. १९६२ साली दिल्लीत पहिला प्रयोग झाल्यापासून पणशीकर ते पाच अवतार करत होते. लखोबा लोखंडे, दिवाकर दातार, कॅप्टन परांजपे, राधेश्याम महाराज, दाजीशास्त्री. डोळ्यांनी पाहताना वेषभूषा आणि फिरता रंगमंच मदतीला असतो. कॅसेटवर फक्त आवाज, आणि तरी पाचही माणसं वेगळी उभी राहतात. लखोबा निपाणीचा तंबाखूवाला. निपाणी आमच्या बाजूचीच, अर्धं सांगली त्या बाजाराशी व्यवहार करणारं, त्यामुळे त्याच्या बोलीवर आमच्याकडचा हशा पुण्याच्या हशापेक्षा आधी सुरू होतो आणि उशिरा संपतो. मध्ये रंगमंच फिरल्याची घरघर येते. ती घरघर काढायची का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

'अश्रूंची झाली फुले'ची कॅसेट तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात वाईट आणि माझी सगळ्यात लाडकी. नटांची नावं पुकारली जातात, शेवटी "आणि" येतं, एक श्वासभर थांबणं, "डॉ. काशीनाथ घाणेकर", आणि पुढचं काही ऐकू येत नाही. शिट्ट्यांनी पट्टी फाटलीय. मामांनी घाईने आवाज खाली केलेला कळतो, मग पहिलं वाक्य पुटपुटल्यासारखं येतं, मग आवाज पुन्हा वर. घाणेकरांचा लाल्या आत आला की परत तेच. हे गृहस्थ म्हणाले, फाटलेला आवाज शिवता येत नाही, थोडा मऊ करून देतो. दिलाही. घाणेकर दातांचे डॉक्टर, आणि तिकीटबारीवर "हाउसफुल्ल"ची पाटी लावणारा नट. त्यांच्या वागण्याच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात, मी त्यात पडत नाही. कॅसेटवर ऐकू येतो तो नट प्रेक्षकाला हातात घेतो, थांबवतो, सोडतो. समोरच्या पणशीकरांचे प्राध्यापक विद्यानंद त्या गलक्यात एक शब्द वाया जाऊ देत नाहीत, टाळी उतरेपर्यंत थांबतात. दोन नटांची ही देवाणघेवाण कॅसेटीत मी पहिल्यांदा ऐकली. विंगेत बसले होते तेव्हा मीही शिट्ट्यांकडेच बघत होते.

"अज्ञात पुरुष २" वरून आमचं भांडण झालं. 'नटसम्राट'. पेठेतल्या काकू म्हणाल्या, डॉ. लागू. मी म्हटलं, दत्ता भट. लागूंनी १९७० साली ही भूमिका उभी केली, कान-नाक-घशाच्या डॉक्टरने गळ्याचा असा वापर करावा हे आश्चर्यच. पण पुढे दत्ता भटांनीही आप्पा बेलवलकर केले आणि आमच्या भागात पुष्कळांनी पाहिले ते भटांचे. लागूंना पाहिलेल्यांनी भटांना गुण द्यायचे नाहीत, ही महाराष्ट्रातल्या घराघरातली जुनी खोड आहे. स्वगत सुरू झालं आणि तिसऱ्या वाक्याला काकूंनी हात वर केले. भटच. लागूंचा आप्पा उंचावरून कोसळतो. भटांचा आपल्या शेजारच्या घरातून बाहेर पडतो. दोन्ही खरे. मला ऐकताना भट जास्त लागतात, कदाचित माझे स्वतःचे वडील तसे बोलत म्हणून असेल.

एका कॅसेटवर गावापुढे "केशवराव" इतकंच लिहिलं होतं. म्हणजे कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांच्या काळातलं, १९१५ चं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत सापडलं, दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती. हे गृहस्थ तिथे कधी गेले नव्हते. कॅसेट ऐकून म्हणाले, "हे बाकीच्यांपेक्षा मोठं आणि लाकडी थिएटर आहे, आवाज गरम परत येतो." मी त्यांना बातमी सांगितली. त्यांनी काही न बोलता त्या कॅसेटच्या सुरुवातीची दहा-बारा सेकंदं, नाटक सुरू व्हायच्या आधीची, तिसरी घंटा, खुर्च्यांची कुरकुर, एका बाईचं "अगं सरक की तिकडं", अशी वेगळी फाइल करून दिली. त्याचे पैसे घेतले नाहीत.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक लिहिलं तर तुम्ही म्हणाल काकू त्यांच्या नात्यातल्या.

दर: ६० मिनिटांच्या कॅसेटला ३५० रुपये, ९० ला ५००. कवच बदलणं, पट्टी जोडणं याचे १५० वेगळे. बुरशी लागलेली असेल तर आणखी, आणि ते आधी सांगत नाहीत, नंतर सांगतात. पेट्या भरून कॅसेटी असतील तर एकदम सगळ्या देऊ नका. आधी निवडा. मामांच्या संग्रहात एका आमदारांच्या सभेची तीन तासांची भाषणं निघाली, तीही मी पैसे देऊन डिजिटल करून घेतली आहेत. कुणाला हवी असतील तर सांगा.

वेळ: "पुढच्या आठवड्यात" म्हणाले तर पुढचा महिना समजा. फोन उचलत नाहीत. त्यांच्या आई उचलतात आणि मग नाटकाच्याच गप्पा होतात, कामाचं राहून जातं.

फाइली: प्रत्येक कॅसेटची एक मोठी मूळ फाइल आणि एक मोबाइलवर ऐकायची लहान, अशा दोन देतात. हे बरोबरच आहे, पण मोठ्या फाइली इतक्या मोठ्या की पेन ड्राइव्ह चालत नाही, हार्ड डिस्क आपणच न्यावी लागते. पदांप्रमाणे तुकडे करून मागितले तर करतात, पण नाराजीने. त्यांच्या मते नाटक सलग ऐकायचं असतं. नातवंडांना सलग चार तास बसवून दाखवा म्हणावं. पातळ पट्टीवर एका थराचा आवाज दुसऱ्यावर उमटतो, त्यामुळे पद सुरू व्हायच्या आधी त्याचीच पुसट चाहूल ऐकू येते. ते जात नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. तुम्हाला दोष वाटू नये म्हणून लिहिते.

यूट्यूबवर टाकून द्या म्हटलं तर साफ नकार. नाटक लेखकाचं, गाणं गायकाचं, कॅसेट मामांची. तुमच्या घरात ऐका, संस्थेला द्यायचं असेल तर रीतसर पत्र घेऊन द्या, मी कुणाला प्रत देत नाही आणि स्वतःकडे ठेवतही नाही. मला आधी राग आला. मग आठवलं, मॅनेजर नाही म्हणाला की मामाही वायर गुंडाळायचे.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण जिन्यासाठी कापला. कठडा हलतो, गुडघेदुखीवाल्यांनी कुणाला तरी बरोबर न्यावं. रविवारी बंद. कॅसेटींच्या मूळ डब्या आणि आतल्या चिठ्ठ्या परत मागून घ्या, नवीन कवचावर ते फक्त नंबर टाकतात. स्पूलची रिळं घेतात का, असं बऱ्याच जणांनी मला विचारलं आहे: घेतात, पण त्यांचं स्पूलचं मशीन सध्या दुरुस्तीला गेलंय आणि त्याचा पट्टा मिळत नाहीये. कुणाकडे जुन्या मशीनचा असेल तर त्यांना मोल देऊन हवा आहे.